टाचांना कळणारं मीठ

दौलत भोईरला शांतता सहन होत नसे. वर्गात त्याने प्रश्न विचारला आणि बाकं गप्प राहिली की उत्तर तोच देऊन मोकळा होई. ठाकुर्लीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागून त्याला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत त्याने हजारभर प्रश्न विचारले असतील, आणि त्या हजारांची उत्तरंही त्यानेच दिली असतील. मुलांना ते अंगवळणी पडलं होतं. दुसऱ्या बाकावरची ऐश्वर्या तर पेन खाली ठेवून शेजारणीला हळूच म्हणायची, "थांब गं, सर सांगतातच आता."

अशा बोलक्या माणसाची आई मात्र कमी बोलणारी होती. विमलाबाईंनी कळव्याच्या पलीकडे, खाडीकाठच्या मिठागरात तीस वर्षं काम केलं. मिठागराचं काम ज्याने पाहिलं नाही त्याला ते सोपं वाटतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून, म्हणजे बांध घातलेल्या उथळ वाफ्यातून, दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हात आटवायचं, आणि पायांनी तुडवून तुडवून तळ घट्ट केलेल्या शेवटच्या कोंडीत ते आलं की वाट पाहायची. खरी कसोटी त्या वाट पाहण्यात असते. मीठ ओढायला एक दिवस लवकर उतरलात तर दाणा धरत नाही, दोन दिवस उशीर केलात तर मिठाला कडवट चव येते. मुकादमाकडे खारटपणा मोजायची काचेची नळी असे. पण नळी बुडवण्याआधी तोसुद्धा बायांकडे बघे. बायांनी पदर खोचला म्हणजे उद्या मीठ.

हे सगळं दौलतने बांधावर बसून पाहिलं होतं. बांधावरच, कारण विमलाबाईंनी त्याला कोंडीत कधी उतरू दिलं नाही. त्याच्या लक्षात राहिला होता तो पाण्याचा रंग. उन्हं चढत जात तसं ते पाणी तांबूस होई, जांभळाच्या रसाचं बोट कोणी त्यात बुडवावं तसं. पुढे शिकल्यावर त्याला कळलं की खाऱ्या पाण्यात जगणारे अगदी बारीक जीव हा रंग आणतात. आणि त्या दिवसापासून त्याच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. बाया रंग पाहूनच मीठ ओळखतात. त्या रंगाचा आणि मिठाच्या दिवसाचा संबंध आपण मांडून दाखवायचा.

पण वेळ उरला नव्हता. खाडीकाठची आगरं एकेक करून बुजत गेली होती. विमलाबाई ज्या आगरात राबल्या ते अजून चालू होतं, पण मालकाने यंदाचा हंगाम शेवटचा म्हणून सांगून टाकलं होतं. पुढच्या वर्षी तिथे पाणी नसणार. पाण्याचे नमुने घ्यायचे तर मालकाला कॉलेजचं पत्र हवं होतं, आणि प्राचार्य म्हणत, "नुसत्या हौसेवर मी पत्र देत नाही. कुठल्यातरी संस्थेच्या शिफारशीने तुमचा प्रस्ताव पुढे जाऊ दे, त्याच दिवशी पत्र घ्या."

म्हणून फेब्रुवारीत घोडबंदर रोडवरच्या एका नव्या संस्थेत कार्यशाळा आहे, असं कळलं तेव्हा दौलतने पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं. नोकरीत नवे असलेले तीस प्राध्यापक, पाच दिवस. सकाळी शिकवायचं कसं, दुपारी अनुदान मागायचा प्रस्ताव लिहायचा कसा. शेवटच्या दिवशी परीक्षकांसमोर प्रस्ताव मांडायचा, आणि तिसांतल्या दोघांचे प्रस्ताव संस्था शिफारस करून पुढे पाठवणार. नोंदणीच्या अर्जात प्रस्तावाचं शीर्षक विचारलं होतं. दौलतने न थांबता भरलं: 'मिठागरातील पाण्याचा रंग आणि मीठ धरण्याची वेळ'.

सकाळचा वर्ग उत्तराबाई घेत. साठी ओलांडलेल्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, शब्द तोलून बोलणाऱ्या. घोडबंदरच्या वाहतुकीत त्यांची गाडी रोज अर्धा तास अडके आणि त्या आल्या की घाई न करता पर्स ठेवत, पाणी पीत, मग बोलायला लागत.

"प्रश्न विचारलात ना? मग आता गप्प बसा," त्या म्हणाल्या. "मनात दहापर्यंत मोजा. उत्तर तुमच्या जिभेवर असेल, ते गिळा. समोरच्याला विचार करायला जागा हवी असते, आणि तुम्ही ती व्यापून बसता. आणि उत्तर ठाऊक नसेल तर सरळ सांगा, मला माहीत नाही. त्याने कुणाचा मान जात नाही."

दौलतला वाटलं, बाईंनी ठाकुर्लीला येऊन आपला वर्ग चोरून पाहिला असावा.

दुपारी सौमित्र सर येत. चाळिशीच्या आतले, भराभर बोलणारे.

"तुमचा गोंधळ कुणाला विकत घ्यायचा नाहीये," ते म्हणाले. "कदाचित, बहुधा, पाहू या, हे शब्द आजपासून बंद. वर्षभराने हातात काय येणार ते आज सांगा. परीक्षकाने विचारलं की दहा सेकंदांच्या आत उत्तर."

दौलतने हात वर केला. "सर, हातात काय येणार ते आधीच माहीत असेल, तर मग संशोधन कशाला करायचं?"

"माहीत असल्यासारखं लिहायचं."

"म्हणजे खोटं?"

"खोटं नाही हो. खात्रीने."

दौलतने तेही लिहून घेतलं. एकाच वहीत तो पुढून सकाळचं लिही आणि मागून दुपारचं. पुढून पहिल्या पानावर होतं, दहा मोजा आणि बोलू नका. मागून पहिल्या पानावर होतं, दहाच्या आत बोला. त्याने वही उलटसुलट करून पाहिली. दोन्ही पानांवर अक्षर त्याचंच होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने ही अडचण कृतिकाला सांगितली. कृतिका डोंबिवलीच्या कॉलेजात वाणिज्य शिकवायची आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या शेजारी बसायची.

"अरे, सिंपल आहे," ती डबा उघडत म्हणाली. "लंचच्या आधी सून, लंचनंतर सासू. दोन्ही रोल आपल्यालाच करायचेत. तू एवढा लोड का घेतोयस?"

"पण खरं काय? माहीत नाही म्हणायचं की माहीत आहे म्हणायचं?"

"घड्याळ बघून ठरव." तिने त्याच्या पुढ्यात लोणच्याची फोड ठेवली. "आणि जेव आता, प्लीज. भाकरीकडे पण प्रश्न असल्यासारखा बघतोयस."

गप्प बसण्याचा सराव तो इमानेइतबारे करू लागला. दुसऱ्या दिवशी नमुन्याच्या पाठात तो चारपर्यंत टिकला, तिसऱ्या दिवशी सातपर्यंत. सातला त्याच्या कपाळावर घाम होता आणि उत्तर तोंडातून निसटलं. त्याच दिवशी वहीची दोन्ही लिखाणं मधल्या पानात येऊन भिडली. सकाळच्या ओळी आणि दुपारच्या ओळी एकमेकींकडे डोकं करून उलट्या उभ्या राहिल्या, आणि त्या पानावर कुठलं काय हे त्याचं त्यालाच ओळखू येईना.

तिसऱ्या दिवशी कार्यशाळा लवकर सुटली. दौलत घरी आला तेव्हा विमलाबाई खिडकीखाली सुकट निवडत बसल्या होत्या. प्रस्तावात एकच रकाना भरायचा राहिला होता, 'अपेक्षित निष्पत्ती'. वर्षाच्या शेवटी हातात काय येणार, तो. दौलतला तिथे लिहायचं होतं की रंगाचा एक तक्ता तयार होईल, आणि तो पाहून कोणीही मिठाचा दिवस सांगू शकेल. फक्त आईच्या तोंडून एकदा हो ऐकायचं होतं.

"आई, पाणी तांबडं झालं की तुम्ही बाया मीठ ओढायला उतरायचात ना?"

विमलाबाईंचा हात सुकटीत फिरत राहिला. दौलतने सवयीने तोंड उघडलं, आणि त्याला उत्तराबाई आठवल्या. तो मोजू लागला. पाचला आईने एक काडी बाजूला टाकली. आठला तिने वर पाहिलं. दहा झाले. आयुष्यात पहिल्यांदा तो दहापर्यंत पोचला होता.

"तांबरं तं आठ दिस आदीच व्हतं," विमलाबाई म्हणाल्या. "त्याच्यावरून काय कलतं?"

"मग कशावरून कळायचं?"

"पायांना. टाचंच्या भेगंत खारं पानी चावतं. रोज चावतं. एक दिस उतरलं आनि चावलं नाय, म्हंजे दुसऱ्या दिशी मीठ."

इतकी वर्षं त्याने मनात बांधलेलं सगळं त्या सुकटीच्या सुपात जाऊन पडलं.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू इचारलास कवा?" ती म्हणाली. "लहानपनापासून तू इचारतस आनि तूच सांगतस. मना वाटलं, तुना ठावं हाय."

त्याने खाली तिच्या पायांकडे पाहिलं. तिने ते लुगड्यात ओढून घेतले. "माजं काय बगतस? तुजे बग. लोन्यासारक्या टाचा हायत तुज्या. त्यासाठीच मी त्या पान्यात उभी ऱ्हायले."

प्रस्ताव मांडायला दीड दिवस उरला होता. दौलतच्या पाचही स्लाइडवर रंग होता. आता ते सगळं काढून पाय घालावेत, तर पायांबद्दल त्याला चार वाक्यांपलीकडे काही माहीत नव्हतं. आणि रंग ठेवावा, तर ते खात्रीने की खोटं? त्याने रकाना भरला, खोडला, पुन्हा भरला. शेवटी रकान्यात रंगाचा तक्ता लिहून तो पाचव्या दिवशी परीक्षकांसमोर गेला.

परीक्षक तिघे होते. उत्तराबाई, सौमित्र सर आणि बाहेरून आलेले एक निवृत्त प्राध्यापक, जाड चष्म्याचे. पहिल्या चार स्लाइड बिनघोर गेल्या. पाचवीला प्राध्यापकांनी हात वर केला.

"एक सांगा. आज त्या आगरात काम करणारी माणसं ही वेळ कशावरून ओळखतात?"

साधा प्रश्न होता. रंगावरून म्हटलं असतं तर सुटला असता. पायांवरून म्हटलं असतं तर पाच स्लाइड बुडाल्या असत्या. दौलतच्या डोळ्यांपुढे वहीचं ते मधलं पान आलं, उलट्यासुलट्या ओळींचं. त्यातून त्याच्या हाताला सकाळची ओळ लागली.

"तुम्हाला काय वाटतं, सर?" त्याने विचारलं, आणि तो मनात मोजू लागला.

मागच्या रांगेत कृतिकाने कपाळ बाकावर टेकवलं.

"अहो, मी तुम्हाला विचारतोय," प्राध्यापक म्हणाले.

दौलत सहावर होता. तो पुढे मोजत राहिला. सौमित्र सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते, तेही बहुधा तेच आकडे मोजत असावेत. उत्तराबाईंचा चेहरा काहीच सांगत नव्हता. दहा झाल्यावर दौलत बोलला. परवापर्यंत मी रंग म्हणालो असतो, असं म्हणाला. आईने सांगितलेलं सगळं सांगितलं, भेगांसकट.

"म्हणजे तुमच्या पाच स्लाइड चुकीच्या?" सौमित्र सरांनी विचारलं.

"मला माहीत नाही, सर."

"आणि टाचांना ते का कळतं?"

"तेही माहीत नाही."

संध्याकाळी निकाल वाचला गेला. कृतिकाचा प्रस्ताव निवडला गेला होता. दुसरी जागा रिकामी ठेवून पुढे शेरा होता: 'भोईर. आठ दिवसांत सुधारून द्यावा. रंग की पाय, एक ठरवावे.'

"परीक्षकाचीच तोंडी घेतलीस तू," कृतिका जिना उतरताना म्हणाली. "असा माणूस मी बघितलेला नाही. तरी दार उघडं ठेवलं ना त्यांनी? जा, आईला घेऊन जा तिकडे."

रविवारी सकाळी तो विमलाबाईंना घेऊन आगरात गेला. अकरा वर्षांनी त्या तिथे पाय ठेवत होत्या. नमुने न्यायला पत्र लागणार होतं, पण नुसतं बघायला मुकादमाने ओळखीने आत सोडलं. ऊन कोवळं होतं, पण पाण्यावर लालसर साय धरली होती, आणि पलीकडे खाडीच्या काठावर नव्या इमारतींचे सांगाडे त्या लाल पाण्यात उलटे पडले होते. विमलाबाईंनी चपला बांधावर काढल्या आणि जवळच्या कोंडीत उतरल्या. घोटाभर पाण्यात त्या उभ्या राहिल्या, मान जरा वाकडी करून, दाराबाहेर कोणी हाक मारतंय का ते ऐकावं तशा. दौलत मोजत होता. दहा झाले, वीस झाले.

"नाय कलत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे चावतंय अजून?"

"काय बी व्हत नाय." त्यांनी एक पाय पाण्याबाहेर काढून टाच पाहिली. "घरात बसून माजे बी पाय मऊ झाले."

दौलतने उघडलेली वही मिटली. तेवढ्यात पलीकडच्या कोंडीतून कोणीतरी हसलं. आगरात आता सातच बाया उरल्या होत्या, आणि त्यांतली रतन कमरेवर हात ठेवून उभी होती. विमलाबाई काम सोडायच्या बेतात होत्या तेव्हा ती नवी आलेली.

"विमलाका, पाय बदलून आलीस का काय?"

"तुजे हायत ना," विमलाबाई म्हणाल्या. "सांग मंग माज्या पोराला."

रतन कोंडीत येऊन उभी राहिली. तिला फार वेळ लागला नाही. "चावतंय. चार दिस हायत आजून."

दौलतने मुकादमाकडची काचेची नळी बुडवली, आकडा टिपला. पाण्याचा रंग टिपला. चार दिवस तो कॉलेजला जाण्याआधी येत राहिला. गुरुवारी सकाळी रतनने पाण्यात पाय घातला आणि काही न बोलता पदर खोचला. शुक्रवारी कोंडीच्या तळाशी मीठ होतं, पांढरं, दाणेदार, पाण्याखाली चमकणारं. पण दौलतने वही काढून पाहिली तर रंगही गुरुवारीच गडद झालेला होता. की त्याला तसं वाटत होतं? नळीचा आकडाही त्याच दिवशी वर सरकला होता. आता तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि कोण कोणाच्या मागून आलं हे सांगायला त्याच्याकडे एकच शुक्रवार होता.

त्याने बूट काढले आणि पँट वर दुमडली. त्या दिवशीही बरोबर आलेल्या विमलाबाई बांधावरून म्हणाल्या, "बूट घाल."

"बघू तर दे."

"तुना काय कलनार हाय? बूट घाल."

त्याने एक पाय पाण्यात बुडवला. पाणी कोमट होतं. बाकी काही नव्हतं. तो बूट घालून बांधावर बसला आणि तिथेच त्याने गुडघ्यावर वही ठेवून निष्पत्तीचा तो रकाना नव्याने लिहिला.

'या हंगामानंतर हे आगर बंद होईल. त्याआधी इथल्या सात बायांच्या टाचांना काय कळतं व कोणत्या दिवशी कळतं, आणि त्या दिवशी पाण्याचा रंग व खारटपणा काय होता, याची रोजची नोंद हातात राहील. टाचांना ते का कळतं, हे मला माहीत नाही.'

पहिली दोन वाक्यं दुपारची होती आणि शेवटचं सकाळचं, असं त्याला वाटलं. एकाच रकान्यात ती बसतात का, हे कोणाला विचारावं ते त्याला कळेना. शनिवार हा आठवा दिवस होता. त्याने शुद्धलेखन पाहिलं आणि प्रस्ताव पाठवून दिला.

पुढच्या बुधवारी त्याने वर्गात आधी आगरातल्या बायांच्या टाचांच्या भेगांची आणि चावायचं थांबणाऱ्या पाण्याची गोष्ट सांगितली. "मीठ तयार झालं हे त्वचेला कसं कळत असेल?" असं त्याने विचारलं आणि गप्प राहिला. ऐश्वर्याने सवयीने पेन खाली ठेवलं. मग ती थोडा वेळ वाट पाहत राहिली, मग गोंधळून तिने पेन पुन्हा उचललं. त्याच वेळी टेबलावरचा फोन थरथरला. दौलत तेव्हा पाचवर होता. त्याने फोनला हात लावला नाही. नऊला मागून एक हात वर आला, आणि मग दुसरा. खारं पाणी भेगेतून पाणी ओढून घेत असेल, एक म्हणाला. रोज चावून चावून चामडीच बधिर होत असेल, ऐश्वर्या म्हणाली. म्हणजे न चावणं ही खूण पाण्याची नसून पायाची असेल, सर? दौलतने ते फळ्यावर लिहिलं. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आता तो आणखी गोंधळला.

तास सुटल्यावर त्याने निरोप वाचला. प्रस्ताव शिफारशीसह पुढे पाठवला होता. प्राचार्यांना दाखवायचं शिफारसपत्र सोबत जोडलं होतं. खाली सौमित्र सरांची एक ओळ होती, 'निष्पत्ती स्पष्ट आहे. शेवटचं वाक्य काढा म्हणत होतो, उत्तराबाईंनी ऐकलं नाही.' आणि त्याखाली कार्यालयाची सूचना होती. शीर्षक नोंदणीच्या वेळी दिल्याप्रमाणेच राहील. ते बदलता येत नाही.

दौलतने तिथेच जिन्यात उभं राहून घरी फोन लावला.

"गेला पुढे," तो म्हणाला. "आता प्राचार्य पत्र देतील. हंगाम संपेपर्यंत आगरात जाता येईल."

"बरं झालं," विमलाबाई म्हणाल्या. "मंग आता तू पाय बगनार का रंग?"

"पाय. म्हणजे सगळंच, पण मुख्य पाय. कागदावर मात्र रंग राहील."

"कागदावर रंग आनि बगायचे पाय?"

"हो."

"का रं?"

दौलतने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. एक, दोन, तीन. शेजारून मुलं धाडधाड जिना उतरत होती. चार, पाच. फोनच्या दुसऱ्या टोकाला विमलाबाईही काही बोलत नव्हत्या. बहुधा त्या वाट पाहत होत्या.